स्वाहिली शिकताना : 'आला नाही' आणि 'अजून आलेला नाही'

किलिफीची_वाट

गेली तीन वर्षं आम्ही केनियाच्या किनाऱ्यावर, मोंबासाच्या उत्तरेला किलिफी गावात राहतो. घरात मदतीला येणाऱ्या बाई गिर्यामा समाजाच्या आहेत. त्यांची मायबोली किगिर्यामा, पण माझ्याशी त्या स्वाहिलीत बोलतात. मी त्यांना 'दादा' म्हणते. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ, हे अंगवळणी पडायला मला सहा महिने लागले होते.

हा धागा काढण्याचं कारण एक छोटा प्रसंग. सिलिंडर संपला होता, नवीन घेऊन एक मुलगा येणार होता. मी बाहेरून आले आणि दादांना विचारलं, "म्तु वा गेसि आमेकुजा?" म्हणजे गॅसवाला आलाय का? त्या म्हणाल्या, "हाजाजा." मी मनात अर्थ लावला, 'आला नाही'. आज काही येत नाही असं समजून त्यांना लवकर घरी पाठवलं, कुलूप लावलं आणि मुलीला आणायला शाळेत गेले. अर्ध्या तासाने तो मुलगा भर उन्हात सिलिंडर घेऊन आला आणि बंद दार बघून परत गेला.

दादा 'आला नाही' म्हणाल्याच नव्हत्या. त्यासाठी 'हाकुजा' हा वेगळा शब्द आहे. 'हाजाजा' म्हणजे 'अजून आलेला नाही', म्हणजेच येणार आहे, वाट बघा. एका अक्षराचा फरक, -कु- आणि -जा-.

तोपर्यंत मी इंग्रजी पुस्तकांतून शिकत होते. त्यात भूतकाळाचे तक्ते होते आणि ते मला पाठही होते, पण बोलताना उपयोग होईना. त्या दिवशी पहिल्यांदा मी वाक्यं मराठीत मांडून बघितली आणि लक्षात आलं की हा फरक आपण घरात रोज करतो. 'बाबा आले नाहीत' आणि 'बाबा अजून आलेले नाहीत' यात चार वर्षांचं मूलसुद्धा गोंधळत नाही.

स्वाहिली क्रियापद मालगाडीसारखं असतं. सगळ्यात पुढे कर्ता, मग काळाचा डबा, शेवटी धातू. 'सोमा' म्हणजे वाचणे किंवा शिकणे. नि-लि-सोमा, मी वाचलं. उ-लि-सोमा, तू वाचलंस. आ-लि-सोमा, त्याने किंवा तिने वाचलं. पुढे तु-लि-सोमा, म्-लि-सोमा, वा-लि-सोमा म्हणजे आम्ही, तुम्ही, ते. मधला डबा बदलून -मे- लावला की निमेसोमा, मी वाचलंय.

नकारात मात्र पुढचा डबाही बदलतो. -लि- चा नकार -कु-: सिकुसोमा, हुकुसोमा, हाकुसोमा, हातुकुसोमा, हामकुसोमा, हावाकुसोमा. -मे- चा नकार -जा-: सिजासोमा, हुजासोमा, हाजासोमा आणि तसंच पुढे.

आता -मे- ची खरी गंमत. इंग्रजीतून शिकणारी माझी एक शेजारीण 'तो बसला आहे' हे सांगायला चालू वर्तमानकाळ वापरायची आणि किनाऱ्यावरची माणसं तिला दुरुस्त करायची. आपल्याला तो प्रश्नच येत नाही. आमेकाआ, बसलाय. आमेलाला, झोपलाय. आमेसिमामा, उभा राहिलाय. आमेचोका, दमलाय. आमेवाआ कोफिया, टोपी घातलीय. क्रिया होऊन गेली, पण तिने जी अवस्था आणली ती आत्ता समोर आहे. मराठीतला तो शेवटचा 'य', म्हणजे आटलेला 'आहे', हेच काम करतो.

माझं म्हणणं एवढंच की मराठी माणसाने स्वाहिली भूतकाळ इंग्रजीच्या वळणाने शिकू नये. थेट मराठीतून शिकावा. इथे पूर्व आफ्रिकेत राहिलेले किंवा राहत असलेले आणखी कोणी आहे का? तुम्ही कसे शिकलात?

जकारांडा६७

ताई, तुमचा धागा वाचून खूप वर्षांनी काही शब्द तोंडात आले. माझा जन्म १९६७ सालचा, नैरोबीचा. वडील रेल्वेत होते. आता पुण्यात असतो.

आमच्या घरात जी स्वाहिली बोलली जायची तिची मला आज खंत वाटते. आपल्या लोकांनी आणि गोऱ्यांनी मिळून एक कामचलाऊ भाषा केली होती. तिच्यात पुढचा डबा नाही, मधला डबा नाही. 'मी जेवलो' म्हणायला 'मिमि क्विशा कुला'. क्विशा म्हणजे संपणे. समोरचा माणूस नीट स्वाहिली बोलत असताना आम्ही त्याच्याशी असं बोलायचो आणि त्याच्याकडून काही शिकावं हे कोणाच्या मनात आलं नाही. त्याची भाषा ही ऑर्डर देण्यापुरती भाषा असं आम्ही धरून चाललो होतो.

पुढे कळलं की ते क्विशा अगदीच निराधार नव्हतं. शुद्ध स्वाहिलीत 'निमेक्विशा कुला' आहे, माझं जेवून झालंय. तेच झिजून 'निमेशाकुला' झालं आणि बोलताना आणखी झिजून 'निशाकुला'. आम्ही त्यातला कर्ता आणि काळ दोन्ही फेकून फक्त क्विशा ठेवला होता.

तुमच्या यादीत हे -मेशा- जरूर घाला. "चहा घेणार?" "नको, निमेशाकुन्वा." म्हणजे घेऊन झालाय, आग्रह करू नका. नुसतं 'निमेकुन्वा' म्हटलं तर यजमान दुसरा कप भरतो, असा माझा अनुभव आहे.

पहिलं_पाऊल

पुढच्या महिन्यात दार-एस-सलामला नोकरीवर जातोय. ॲपवर शिकतो आहे. एक अडलंय. 'निलिसोमा' मध्ये कु नाही, मग 'निलिकुला' (मी खाल्लं) मध्ये कु कुठून आला? आणि नकारात 'सिकुला'. तिथे दोन कु हवेत ना, सिकुकुला? ॲप नुसतं चूक म्हणतं, कारण सांगत नाही.

मात्रावृत्त

कारण आहे, आणि ते कानाचं आहे.

स्वाहिलीत आघात नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो. नि-लि-सो-मा. मोठ्याने म्हणून बघा. आता खाण्याचा धातू नुसता 'ला', एकाच अक्षराचा. सरळ जोडला तर 'नि-लि-ला' होईल आणि आघात 'लि' वर पडेल. पण काळ दाखवणारे काही डबे आघात पेलू शकत नाहीत. -लि-, -मे-, वर्तमानाचा -ना- आणि भविष्याचा -ता- हे त्यातले. मग आधाराला क्रियापदाच्या मूळ नावातला 'कु' (कुला = खाणे) उचलून आणतात: नि-लि-कु-ला. आघात 'कु' वर गेला.

नकाराचा -कु-, 'अजून नाही'चा -जा- आणि गोष्ट सांगतानाचा -का- हे मात्र आघात पेलतात. त्यांना टेकू लागत नाही. म्हणून सि-कु-ला, सि-जा-ला, नि-का-ला. सिकुला मधला एकमेव कु नकाराचा आहे, टेकूचा नाही, म्हणून दोन येत नाहीत.

हीच गोष्ट कुजा (येणे), कुन्वा (पिणे), कुफा (मरणे) यांची. आलिकुजा, आमेकुजा, पण हाकुजा, हाजाजा. किलिफीताईंच्या 'हाजाजा' मध्ये पहिला जा 'अजून नाही'चा आणि दुसरा जा 'येण्या'चा.

क्वेन्दा (जाणे) दोन्हीकडे चालतो, निलिएन्दा आणि निलिक्वेन्दा. त्यावर डोकं शिणवू नका.

पहिलं_पाऊल

कारण कळल्यावर पाठ करायची गरजच उरली नाही. मनापासून आभार.

उंबरठा

किलिफीची_वाट, तुमचं निरीक्षण छान आहे, पण 'आलो म्हणजे -लि-, आलोय म्हणजे -मे-' असा सरळ हिशेब केला तर मराठी माणूस हमखास अडकेल. मी तीन वर्षं टांझानियात अरुशाला होतो, म्हणून सांगतो.

मराठीचा साधा भूतकाळ फार पसरट आहे. आपण 'समजलं का?' असं विचारतो. 'समजलंय का?' असं क्वचित. पण स्वाहिलीत तिथे 'उमेएलेवा?' हवं, -मे- वालं. 'उलिएलेवा?' म्हटलं तर 'तेव्हा समजलं होतं का?' असा सूर लागतो. खिडकीतून बघून आपण ओरडतो, 'पाऊस आला!' तिथेही 'म्वुआ इमेकुजा'. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्याला आपण 'कुठे हरवलास?' म्हणतो, तिकडेही अगदी तेच म्हणतात, पण -मे- लावून: 'उमेपोतेआ!'

त्याहून मोठी अडचण म्हणजे 'आलो!' आतल्या खोलीतून हाक आली की आपण 'आलो, आलो' म्हणतो. अजून उठलेलोही नसतो. 'निलिकुजा' असं ओरडलात तर समोरच्याला काहीच बोध होणार नाही. तिथे वर्तमानकाळ, 'नाकुजा'. तसंच 'भूक लागली'. त्याला भूतकाळच नाही, 'निना न्जाआ', माझ्याजवळ भूक आहे.

किलिफीची_वाट

उंबरठा, हे अगदी खरं आहे आणि मी ते सोपं करून टाकलं होतं. 'समजलं का' ची चूक मी स्वतः वर्षभर केली आहे.

मग कसोटी बदलते. रूपाकडे न बघता अर्थाकडे बघायचं. त्या क्रियेने जे घडवलं ते आत्ता, या क्षणी, तसंच आहे का? समज अजून डोक्यात आहे, पाऊस अजून पडतोय, मित्र समोर उभा आहे. म्हणजे -मे-. आणि गोष्ट कालची, गेल्या वर्षीची, तिच्या जागी राहिलेली असेल तर -लि-. वाक्यात 'काल' (जाना) आला की मी डोळे मिटून -लि- लावते.

तरीही मराठीचा आधार मी सोडणार नाही. आपल्याकडे दोन खण आधीच आहेत, फक्त कोणती वस्तू कोणत्या खणात ते थोडं वेगळं आहे. इथे नवीन खण पाडावा लागत नाही.

नवीन खण पाडावा लागतो अशी एक जागा मात्र आहे. मराठीत भूतकाळात 'ने' येतो आणि क्रियापद कर्माच्या मागे जातं: मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं. स्वाहिलीत क्रियापद कायम कर्त्याशी बांधलेलं. पण कर्त्याचे वर्ग पुष्कळ: किताबु किलिआन्गुका (पुस्तक पडलं), विताबु विलिआन्गुका (पुस्तकं पडली), म्ति उलिआन्गुका (झाड पडलं), मिति इलिआन्गुका (झाडं पडली). आपण पडला-पडली-पडलं हे शेपटीला दाखवतो, ते तोंडाला दाखवतात.

मात्रावृत्त

कर्माचा विषय निघालाच आहे तर एक जोड. आपण 'मी पुस्तक पाहिलं' म्हणतो, पण 'मी मुलाला पाहिलं'. सजीव कर्म आलं की 'ला' लागतो. स्वाहिलीत 'निलिओना किताबु', पण 'नि-लि-म्व-ओना म्तोतो'. माणूस कर्म असला की क्रियापदाच्या पोटात त्याच्यासाठी एक डबा जोडावाच लागतो. कर्म वस्तू असेल तर तो डबा एरवी लागत नाही, 'तेच ते पुस्तक' असं ठसवायचं असेल तर लावतात: निलिकिओना किताबु. दोन भाषांचं एकमेकींशी काही नातं नाही, तरी माणूस आणि वस्तू यात दोघींनी फरक केला आहे. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा फार आनंद झाला होता.

शेवरी

मी नर्स आहे. पुढच्या वर्षी मालिंदीच्या बाजूला कामासाठी जाण्याची शक्यता आहे. तिथे खेड्यांत गिर्यामा लोक जास्त आहेत असं कळलं. मग थेट गिर्यामाच शिकू की आधी स्वाहिली?

किलिफीची_वाट

शेवरी, आधी स्वाहिली. ती सगळीकडे चालेल. पण गिर्यामाकडे कान ठेवा, म्हाताऱ्या बायका दुखणं सांगताना आपल्या भाषेवरच येतात.

या भागात मिजिकेन्दा नावाने ओळखले जाणारे नऊ समाज आहेत. गिर्यामा त्यातला सर्वांत मोठा. दिगो, दुरुमा, राबाई, चोन्यी, काउमा, काम्बे, रिबे, जिबाना हे बाकीचे. त्यांच्या भाषा स्वाहिलीच्या सख्ख्या बहिणी म्हणाव्या इतक्या जवळच्या. स्वाहिलीत पाणी 'माजि', मिजिकेन्दा भाषांत 'माद्झि'. नाव 'जिना', त्यांचं 'द्झिना'. येणे 'कुजा', त्यांचं 'कुद्झा'. हा ज-द्झ चा बदल कानाला कळला की निम्मी ओळख पटते. पण क्रियापदाचे डबे त्यांचे त्यांचे आहेत. स्वाहिलीचे -लि- आणि -मे- उचलून गिर्यामात बसवू नका.

या भाषांवर कागद जुना आहे. योहान लुडविग क्राप्फ हा जर्मन मिशनरी १८४४ मध्ये मोंबासाला आला, दोन वर्षांनी राबाईला राहायला गेला आणि १८५० साली त्याचं स्वाहिली व्याकरण छापलं गेलं. त्यात त्याने मिजिकेन्दांच्या बोलीचीही दखल घेतली होती. गिर्यामा शब्दांचा टेलर या मिशनऱ्याचा संग्रह १८९१ चा. मला मात्र कागदापेक्षा दादांचा उपयोग जास्त झाला.

पहिलं_पाऊल

वर मात्रावृत्त यांनी 'गोष्ट सांगतानाचा -का-' म्हटलं आहे. तो कधी वापरायचा? ॲपमध्ये तो अजून आलेला नाही. (हाजाजा? नाही, वस्तूला वेगळं असेल.)

किलिफीची_वाट

-का- हा माझा सर्वांत आवडता डबा.

किनाऱ्यावर गोष्ट सुरू होताना सांगणारा म्हणतो, "पाउक्वा!" ऐकणारे एका सुरात म्हणतात, "पाकावा!" पा-का-वा, 'आणि तिथे होतं'. म्हणजे गोष्टीच्या दारातच -का- उभा आहे.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी दादा नारळ खवत होत्या. इथली खवणी बसायच्या लाकडी पाटाला लावलेली असते आणि तिला 'म्बुझि', म्हणजे बकरी म्हणतात. माझी मुलगी शेजारी बसून खोबरं खात होती. दादांनी तिला मेकातिलिली वा मेन्झाची गोष्ट सांगितली. १९१३ साली इंग्रजांचा कर आणि मजुरीची सक्ती याविरुद्ध गिर्यामांना उभं करणारी बाई. दादांची वाक्यं मी तेव्हाच्या तेव्हा वहीत लिहून घेतली:

"मेकातिलिली आलिकाताआ. वाइन्गेरेझा वाकाम्कामाता, वाकाम्पेलेका किसिइ. आकातोरोका, आकारुदि न्युम्बानि क्वा मिगुउ."

मेकातिलिलीने नकार दिला. इंग्रजांनी तिला पकडलं, किसीला नेलं. ती निसटली आणि पायी घरी परत आली.

बघा, पहिल्या क्रियापदाला -लि- आहे, आलिकाताआ. तो काळाची खुंटी ठोकतो. त्यानंतरचे सगळे -का-. वा-का-म्-कामाता मधला म् म्हणजे वर मात्रावृत्त म्हणाले तो माणसाचा डबा, 'तिला'. किसी केनियाच्या पार पश्चिमेला आहे, किनाऱ्यापासून देशाच्या दुसऱ्या टोकाला. एवढं अंतर दादांनी 'आकारुदि' या एका शब्दात आणलं, पण म्हणताना हात थांबवला होता. मुलीने विचारलं, "आणि मग?" दादा म्हणाल्या, "आकाफिका." पोचली.

मराठीत आपण हे '-ऊन' ने करतो. 'बाजारात जाऊन, मासे घेऊन, घरी येऊन जेवलो.' पण '-ऊन' ला सगळीकडे कर्ता एकच लागतो. 'इंग्रजांनी पकडून ती निसटली' असं आपण म्हणत नाही. -का- ला ते बंधन नाही. कर्ता बदलला तरी साखळी चालू राहते, कारण प्रत्येक क्रियापदाने आपला कर्ता पुढे बांधलेलाच असतो.

आणि वस्तूबद्दल तुम्ही बरोबर ओळखलंत. धडा म्हणजे 'सोमो', त्याचं रूप 'हालिजाफिका', अजून पोचलेला नाही.

जकारांडा६७

मेकातिलिलीचं नाव मी नैरोबीच्या शाळेत कधी ऐकलं नाही. साठीच्या जवळ आल्यावर इथे मराठीत ऐकतोय. तुमच्या दादांना माझा नमस्कार कळवा, 'शिकामोओ' म्हणून.

शेवरी

दवाखान्यात लागणारं एक विचारते. 'उलटी होत होती', 'उलटी झाली होती' हे कसं?

उंबरठा

दोन्हीत 'होणे' (कुवा) पुढे येतं आणि दोन्ही क्रियापदांना कर्ता लागतो, हे विसरू नका. 'आलिकुवा आकितापिका', त्याला उलट्या होत होत्या. 'आलिकुवा आमेतापिका', त्याला उलटी झालेली होती. आपण फक्त 'होता' ला वळवतो आणि 'करत' तसंच ठेवतो. तिथे दोघांना वळवायचं.

आणि रुग्णाला विचारताना पुस्तकी काही नको. 'इलिआन्झा लिनि?', कधी सुरू झालं, एवढं पुरतं.

पहिलं_पाऊल

माझा पहिला प्रयत्न. कृपया तपासा.

"जाना निलिएन्दा सोकोनि, निकानुनुआ सामाकि. म्वुआ इकान्येशा. निकारुदि न्युम्बानि, निकापिका, निकाकुला."

काल बाजारात गेलो, मासे घेतले. पाऊस पडला. घरी आलो, स्वयंपाक केला, जेवलो.

किलिफीची_वाट

पाऊस मध्ये आला, कर्ता बदलला, तरी साखळी तुटली नाही. हे फार छान जमलंय. दादांना वाचून दाखवलं, त्यांनी विचारलं, "कोणता मासा?"

शेवटचा शब्द फक्त बदला. -का- ला टेकू लागत नाही. निकाला.